नवा जन्म आणि चालू संसार : मराठी ख्रिस्ती आत्मपर गद्यातील विश्वासाचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर प्रामुख्याने तीन अंगांनी होत आला आहे. मिशनऱ्यांनी केलेली मराठी गद्याची घडण हे पहिले अंग, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भक्तिकविता हे दुसरे आणि धर्मांतराचा सामाजिक इतिहास हे तिसरे. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’पासून आणि १९०३ मध्ये निघालेल्या ‘निरोप्या’पासून मराठीत अखंडपणे लिहिले गेलेले चिंतनपर गद्य मात्र या तिन्ही अंगांच्या बाहेर राहिले. ते उपदेशपर आहे, मंडळीतल्या वाचकांपुरते आहे, त्यात वाङ्मयीन असे काय पाहावयाचे, ही भूमिका कोणी उघडपणे मांडली नसली तरी समीक्षेच्या मौनातून ती व्यक्त झाली आहे. या चिंतनाची दोन आशयसूत्रे पुनःपुन्हा भेटतात. पहिले, माणसाला आयुष्य नव्याने आरंभता येते. दुसरे, आरंभ केल्यावर उद्याची काळजी देवावर टाकून आजचा दिवस काढता येतो. नववर्षाच्या अंकांतून, उपासनेतल्या बोधांतून आणि मृत्युलेखांतून ही सूत्रे इतकी सवयीची झाली आहेत की, त्यांत काही प्रश्न दडलेला आहे हेच जाणवेनासे होते.

तो प्रश्न असा : एक माणूस देवावर भार टाकतो तेव्हा तो भार प्रत्यक्षात कोण वाहतो? हा प्रश्न ईश्वरशास्त्राच्या ग्रंथांतून क्वचितच विचारला जातो. मराठीत तो विचारला गेला दोन स्त्रियांच्या आत्मपर लेखनात. पंडिता रमाबाईंनी तो हिशेबाच्या भाषेत विचारला आणि लक्ष्मीबाई टिळकांनी स्वयंपाकघराच्या भाषेत. ‘स्मृतिचित्रे’ हा मराठीतील श्रेष्ठ ख्रिस्ती चिंतनग्रंथ आहे, हे विधान त्यामुळेच करावेसे वाटते. विनोदी आत्मचरित्र, टिळकांचे शब्दचित्र, जुन्या स्त्रीजीवनाचा दस्तऐवज अशा ज्या नावांनी तो वाचला गेला, ती सर्व खरी असूनही अपुरी आहेत.

आधी शब्दांकडे पाहू. ‘नव्याने जन्मणे’ ही योहानाच्या शुभवर्तमानातील कल्पना मराठीत आणताना भाषांतरकारांसमोर एक अडचण होती. ‘पुनर्जन्म’ हा शब्द मराठीत तयार होता, परंतु त्याला कर्मसिद्धान्ताचे ओझे होते; पुनर्जन्म मिळणे हे या भूमीत सुटकेचे नव्हे, सुटका न झाल्याचे लक्षण. म्हणून ‘नवा जन्म’ असा शब्द रूढ झाला. पण याच समाजात आणखी एक दुसरा जन्म पूर्वीपासून प्रतिष्ठित होता. उपनयनाने होणारा तो जन्म, ज्यामुळे माणूस ‘द्विज’ ठरतो. टिळक द्विज होते. रमाबाई आणि लक्ष्मीबाई द्विजांच्या घरी जन्मल्या, परंतु द्विज नव्हत्या. मनुस्मृतीने स्त्रीला विवाह हेच उपनयन, पतिसेवा हाच गुरुकुलवास आणि गृहकृत्य हीच अग्निसेवा असे सांगून तो विषय मिटविला होता.

याचा एक परिणाम वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाचा आहे. नवा आरंभ ही गोष्ट मराठी स्त्रीला अपरिचित नव्हती. ती तिच्यावर लादलेली होती. अकराव्या-बाराव्या वर्षी नवे घर, नवी माणसे, नवे नाव. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लग्नाच्या मांडवात लक्ष्मी झाली तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. ज्या पुरुषाला आयुष्यात प्रथमच नवा जन्म मिळतो त्याला त्या अनुभवाची नवलाई वाटणे साहजिक आहे. जिचे नावच एकदा पुसून दुसरे लिहिले गेले, तिला नवेपणाच्या आश्वासनाकडे थोडे थांबून, थोडे तिरकस पाहावेसे वाटले तर तेही तितकेच साहजिक आहे. ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचे मूळ बहुधा या थांबण्यात आहे.

मराठीतील धर्मांतरकथनाचा पहिला नमुना बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ने घालून दिला. १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाच्या आत्मचरित्राचे शीर्षकच त्याचे कथनसूत्र सांगते. रात्र, मग पहाट, मग प्रकाश. पूर्वायुष्यातील प्रत्येक प्रसंग पुढच्या निर्णयाची तयारी म्हणून येतो. वाद होतात, ग्रंथ वाचले जातात, शंका फिटतात; घरातली माणसे येतात ती बहुतेक वेळा अडथळा म्हणून. पदमनजींच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ‘साक्ष’ या कथनप्रकाराची जी मूळ अट आहे, म्हणजे एक रेघ आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दोन आयुष्ये, ती या पुस्तकाने इतकी तंतोतंत पाळली की रेघेपलीकडचे आयुष्य सांगण्यासारखे उरलेच नाही. नवा जन्म झाला. पुढे जगावयाचे कसे, हे पुस्तक सांगत नाही.

पंडिता रमाबाईंचे लेखन या रेघेशी अधिक झगडते. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या साक्षीत त्यांनी स्वतःच या तारखेचे महत्त्व कमी केले आहे. त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. खरा पालट पुढे सुमारे आठ वर्षांनी, हिंदुस्थानात परतल्यावर, शारदासदनाच्या धामधुमीत झाला. म्हणजे या आत्मकथनात दोन रेघा आहेत, आणि दुसरी पहिलीला खोडते. वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचल्यास आणखी एक गोष्ट दिसते. नव्या धर्मात आल्याबरोबर ही विदुषी आज्ञाधारक झाली नाही. कोणता सिद्धान्त आपण मानतो आणि कोणता मानत नाही हे ती आपल्याला आश्रय देणाऱ्यांनाच समोरासमोर सांगत राहिली. साक्षीत या भांडणाचा आवाज मंद झाला आहे. साक्ष हा प्रकार भांडण सोसत नाही.

रमाबाईंच्या विश्वासाला मात्र एक पूर्वपीठिका आहे, आणि ती साक्षीच्या चौकटीत मावणारी नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, त्यासाठी समाजाचा रोष पत्करला, गंगामूळच्या रानात आश्रम केला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंच्या आतिथ्यात वडिलार्जित संपत्ती घालविली. पुढे हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणे सांगत हिंडले. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा उरलेसुरले द्रव्य दानधर्म, व्रते आणि अनुष्ठाने यांत गेले, कारण देव संकटातून सोडवील यावर वडिलांचा पूर्ण विश्वास होता. देवाने सोडविले नाही. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि तिचा भाऊ पायी चालत उत्तरेकडे निघाले. दैवतावर भार टाकून हातपाय न हलविणारी श्रद्धा माणसांना कशी मारते, हे रमाबाईंनी तर्काने शिकलेले नव्हते.

केडगावचा आरंभ या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा. शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले आणि पुढच्या वर्षाअखेर पुण्यात आले. १८९३ मध्ये सदनातील मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठले; ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरते साहाय्य कबूल केले होते आणि त्या मुदतीचा शेवट दिसू लागला होता. याच काळात रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली होती. कल्पना अशी की, फळझाडांच्या उत्पन्नावर सदन चालावे. १८९६-९७ चा दुष्काळ आला, मध्यप्रांतातून शेकडो मुली आणल्या गेल्या, पुण्यात प्लेगाचे निर्बंध होते, आणि शेताचे ‘मुक्तिसदन’ झाले. १९०० च्या सुमारास तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती.

साक्षीत रमाबाई सांगतात की, जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांच्यासारख्यांची चरित्रे वाचून त्यांना वाटले, पैसा माणसांकडे न मागता देवाकडे मागावा. हा त्या काळच्या एका मिशनपरंपरेचा परिचित विचार आहे. रमाबाईंच्या हाती त्याचे जे झाले ते मात्र अपरिचित आहे. त्यांच्या साक्षीतला विश्वास विहिरी खणतो, माग लावतो, छापखाना चालवितो. प्रार्थना झाली की लगेच बैलांचा, दगडांचा, धान्याचा उल्लेख येतो. वडिलांच्या श्रद्धेने जे केले नाही ते मुलीच्या श्रद्धेने केले; आणि हा वडिलांशी चाललेला संवाद आहे, हे साक्षीचे भक्तिपर वाचन करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. त्यांना ती मूर्तिपूजेवरची टीका वाटते. ती आहेच, पण पित्याच्या भोळेपणाने आईचा जीव घेतला, हे न बोललेले दुःखही तिच्यात आहे.

तरीही या गद्याची मर्यादा सांगावयास हवी. माणसांकडे मागावयाचे नाही, असे सांगणारी साक्ष इंग्रजीत लिहिलेली आहे आणि तिचे वाचक सातासमुद्रापलीकडचे देणगीदारही आहेत. विश्वासाचे कथन आणि वर्षाचा जमाखर्च या दोहोंचे काम एकाच संहितेला करावे लागले. त्यामुळे जेथे तूट आली, जेथे उत्तर मिळाले नाही, तेथे वाक्य घाईने पुढे सरकते. आणि ज्यांच्यासाठी हे सर्व चालले त्या मुली? त्यांची संख्या सांगितली जाते, त्यांचा पालट सांगितला जातो, १९०५ च्या धार्मिक जागृतीतले त्यांचे रडणे आणि प्रार्थना करणे सांगितले जाते. त्यांनी दळले किती, विणले किती, आपल्या गावाची आठवण काढली का, हे त्यांच्या तोंडून फारसे ऐकू येत नाही. मध्यप्रांतातल्या एखाद्या खेड्यातून आगगाडीत बसवून केडगावला आणलेल्या मुलीच्या दृष्टीने नवा आरंभ म्हणजे काय होते, याचे मराठी आत्मकथन मराठीजवळ नाही.

या पार्श्वभूमीवर ‘स्मृतिचित्रे’ उघडले की प्रथम जाणवतो तो आवाज. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक बोलत्या मराठीत आहे. वाक्य लहान, क्रियापद जागच्या जागी, आणि निवेदिकेला कोणाचीच भीड नाही, स्वतःचीही नाही. ख्रिस्ती साक्षीचा प्रवाही, प्रार्थनेकडे झुकणारा स्वर येथे नावालाही नाही. म्हणूनच पुष्कळ समीक्षकांनी ग्रंथातला ख्रिस्ती आशय म्हणजे टिळकांच्या चरित्राचा एक भाग, एवढेच मानले असावे.

पण पुस्तकाचा आरंभ पाहा. कथन सुरू होते ते लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापासून. त्यांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांच्या मनाने शुद्धाशुद्धतेचा जो ध्यास घेतला तो कायमचा. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतली गेली पाहिजे. जी धुण्याने नाहीशी होते तीही. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात आणि वाचकही हसतो. हसता हसता एक गोष्ट निसटते. ध्यास वडिलांचा आहे, पाणी आई आणते. धार्मिक भय एकाचे, श्रम दुसऱ्याचे, आणि मुले यामध्ये उपाशी.

आता पुढे या. टिळक येतात. सोवळ्याचे भय त्यांना नाही. ते सर्वार्थाने वडिलांच्या उलट टोकाचे आहेत. उदार, उतावीळ, संतापी, कनवाळू, पैशाला मातीमोल मानणारे. एक नोकरी धरावी, दुसरी सोडावी. नागपूर, राजनांदगाव, मुंबई, अहमदनगर, राहुरी, सातारा. घरात सामान नाही म्हणून दागिना मोडून वा गहाण टाकून पैसे उभे करावेत आणि त्यांनी बाजारातून सुंदर दौत घेऊन यावे. रस्त्यात भेटलेल्या गरजवंताला अंगावरचे द्यावे, अनाथ पोर घरी आणावे आणि देव देईल म्हणावे. देव देतोही. परंतु ‘स्मृतिचित्रे’ची निवेदिका देवाने दिले हे सांगण्यापूर्वी ते येईपर्यंतचा काळ सांगते. चूल थंड असतानाचा, पाहुणे दारात असतानाचा, शेजारणीकडे उसने मागायला जातानाचा काळ. साक्षीच्या वाङ्मयाने हा काळ एका वाक्यात ओलांडला होता. येथे तोच मुख्य कथनविषय होतो.

वडिलांचे अतिभय आणि पतीचा अतिविश्वास ही दोन टोके या ग्रंथात समोरासमोर ठेवलेली आहेत. लेखिकेने तसे म्हटलेले नाही. तिला म्हणावयाचीही गरज वाटली नाही. दोन्ही घरांत पाणी भरणारी बाईच आहे. याचा अर्थ लक्ष्मीबाई दोन्ही पुरुषांना एकाच मापाने मोजतात असा नाही. वडिलांविषयी करुणा आहे, टिळकांविषयी उत्कट प्रेम आहे, आणि त्यांच्या उदारपणाचे मोठेपण तिला पुरते कळते. पण मोठेपण कळल्याने खर्च नाहीसा होत नाही. टिळकांच्या विश्वासातील काव्य त्यांच्या ‘अभंगांजली’त उतरले, त्या विश्वासाचा जमाखर्च पत्नीच्या गद्यात आला. दोन्ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचल्यावाचून त्यांपैकी एकही पूर्ण वाचले, असे म्हणता येणार नाही.

(ही वाटणी केवळ टिळकांच्या घरची नव्हे, आणि केवळ ख्रिस्ती घरांची तर नव्हेच. वार लावून जेवणारे गरीब विद्यार्थी हे जुन्या पुण्याचे भूषण म्हणून सांगितले जाते. आज या घरी, उद्या त्या घरी, अशा आधारावर कित्येकांची विद्या झाली. त्यांच्या आत्मचरित्रांतून परमेश्वराचे आणि यजमानांचे आभार मानलेले आढळतात. वाराच्या दिवशी एक पान जास्त वाढणारी बाई त्यांत क्वचितच येते. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही कथा महाराष्ट्राने गौरवाने जपली आणि त्यांच्या पत्नीला कजाग ठरवून ठेवले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. लक्ष्मीबाई आल्या त्या वाटेवर दुसऱ्या टोकाला उभी असलेली बाई लक्षात घ्यावयास हवी.)

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी विश्वासात घेतले नव्हते. टिळकांच्या चरित्रात हा दिवस कळस आहे. ‘स्मृतिचित्रे’त तो आघात आहे. सुमारे चार-पाच वर्षांचा वियोग, लहानगा दत्तू, नातेवाइकांचा आधार आणि नातेवाइकांचेच बोलणे. पतीचा नवा जन्म झाला त्या दिवशी पत्नी जिवंतपणी विधवेसारखी झाली. हा भाग लिहिताना लक्ष्मीबाईंना पुढच्या पालटाचा प्रकाश मागे टाकता आला असता. मागच्या दुःखाला तयारीचे रूप देणे ही साक्षीची नेहमीची रीत होती, आणि लिहिण्याच्या वेळी त्या स्वतः तीसहून अधिक वर्षांच्या ख्रिस्ती होत्या. त्यांनी ते केले नाही. दुःख त्या वेळी जसे होते तसेच ठेवले. या संयमाला वाङ्मयीन मूल्य आहे आणि धार्मिक मूल्यही आहे, कारण जे दुःख कशाचीच तयारी नव्हते असे वाटले ते तसेच देवापुढे मांडण्याचे धैर्य स्तोत्रकर्त्यांनंतर फार थोड्यांनी दाखविले आहे.

त्यांचा स्वतःचा पालट कसा सांगितला आहे? पतीकडे परत आल्यावरही त्या प्रथम आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी वेगळे ठेवतात. टिळक आग्रह करीत नाहीत. येथे त्यांचा मोठेपणा खरोखर दिसतो. मग एके दिवशी, कोणाच्या उपदेशाने नव्हे, जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न मनात येतो आणि उत्तरही तेथेच येते. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, पण पुस्तकात वजन आहे ते या आधीच्या घटनेला. वडिलांच्या घरातले सोवळे जेथे संपले, तेथे तिचा आरंभ झाला. त्यात प्रकाशाचा झोत नाही, अश्रू नाहीत, नाट्यही फारसे नाही. आहे ते एवढेच की, उद्यापासून वेगळे पाणी भरावयाचे नाही. ज्या संस्कृतीत स्त्रीचे धार्मिक जीवन पाण्याच्या घागरीभोवती फिरत होते त्या संस्कृतीत नव्या आरंभाची याहून नेमकी खूण कोणती असू शकेल?

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. मराठी बायबलमधील हा ‘भाकर’ शब्द मोठा बोलका आहे. तो कुणब्याच्या घरचा शब्द आहे, ब्राह्मणी स्वयंपाकघरातला नाही. टिळक-रमाबाईंसारख्या कुटुंबांतून आलेल्यांनी ही प्रार्थना म्हणताना कळत नकळत दुसऱ्याच्या ताटातले अन्न मागितले. ‘स्मृतिचित्रे’चा उत्तरार्ध या मागणीचा अर्थ उलगडत जातो. घरात येणाऱ्या मुलांची जात विचारली जात नाही, पंक्ती लांबत जाते आणि काटकसरीचे तंत्र निवेदिकेला साधत जाते. विश्वास येथे मनाची अवस्था राहत नाही. घरात चार माणसांचे अन्न असताना सातजणांना वाढण्याची ती एक रीत होते. आणि या टप्प्यावर एक सूक्ष्म बदल घडतो. पूर्वार्धात टिळक देणारे आणि लक्ष्मीबाई सोसणाऱ्या होत्या. उत्तरार्धात देणारी लक्ष्मीबाई होते. भार तोच, परंतु आता तो तिने स्वतः उचललेला आहे. लादलेला नवा आरंभ आणि स्वीकारलेला नवा आरंभ यांतील अंतर या ग्रंथात असे मोजले गेले आहे.

हे अंतर तिला इतके स्पष्ट दिसत होते की, टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ मांडला, त्या भागातही तिचा स्वर भाबडा होत नाही. संसारी माणसाचा संन्यास म्हणजे काय, याचा हिशेब ती त्याही वेळी करते. आता त्या हिशेबात तक्रारीपेक्षा जाणतेपणा अधिक आहे. पतीच्या या शेवटच्या उडीकडे ती पाहते ते एखाद्या अनुभवी नावाड्याने उत्साही पोहणाऱ्याकडे पाहावे तसे. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले.

एक आक्षेप येथे संभवतो. विनोद हा ज्या निवेदनाचा प्राण, त्याला चिंतन म्हणणे म्हणजे त्यावर नसते गांभीर्य लादणे नव्हे काय? मराठीत चिंतन म्हटले की संथ लय, सुभाषितवजा वाक्ये आणि किंचित ओलसर सूर अपेक्षिला जातो. त्या मापाने लक्ष्मीबाई चिंतनशील नाहीत, हे मान्य. परंतु ते माप कोठून आले? गेल्या काही दशकांत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि धार्मिक नियतकालिकांतून जे प्रेरक लेखन बहरले आहे, मग ते कोणत्याही धर्माचे असो, त्याने विश्वासाचा सल्ला केला. चिंता सोडा, काल विसरा, आज नव्याने उठा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांचे लेखन हा त्याला सन्माननीय अपवाद. एरवी सल्ला देणारा लेखक नेहमी विश्वासाच्या पलीकडच्या काठावर उभा असतो. त्याची चूल पेटलेली असते. लक्ष्मीबाईंचा विनोद अलीकडच्या काठावरचा आहे. चिंता सोडा म्हणणाऱ्या माणसावर मनापासून प्रेम असलेली, आणि तरीही संध्याकाळच्या पिठाची चिंता जिला सोडता येत नाही, अशा व्यक्तीचा तो विनोद आहे. त्यात अश्रद्धा नाही. श्रद्धेने आपल्याशी खोटे बोलू नये, याची काळजी आहे. रमाबाईंच्या साक्षीला जे स्वातंत्र्य मिळाले नाही ते या विनोदाने मिळविले, कारण लक्ष्मीबाईंना कोणत्याही देणगीदाराला ताळेबंद सादर करावयाचा नव्हता.

रमाबाईंना यावरून उणे ठरविण्याचे कारण नाही. त्यांच्या साक्षीबाहेरचे त्यांचे अखेरचे काम पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. हिब्रू आणि ग्रीक मूळ संहितांवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावी छापून निघाले. अक्षरजुळणी आणि छपाई मुक्तिसदनातल्या स्त्रियांच्या हातची. साक्षीत ज्यांचा आवाज ऐकू येत नाही त्या मुलींनी त्या ग्रंथाची पाने हाताळली, एवढा तरी त्यांचा स्पर्श मराठी वाङ्मयाला झाला.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत असेच एक काम राहिले होते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य आरंभून थोड्याच अध्यायांनंतर अपुरे सोडले. टिळकांनी सुरू केलेल्या आणि इतर कोणी पुऱ्या केलेल्या गोष्टींची यादी ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला पाठच असते. हीही त्यांतलीच. फरक इतकाच की, या वेळी पत्नीला कोणी पुरे कर म्हणून सांगितले नव्हते. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर, नवऱ्याच्या धसमुसळ्या शिकवणीतून झाली, तिने उतारवयात ओवी हाती घेतली आणि ग्रंथाचा फार मोठा भाग रचला. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रे’च्या पासंगालाही पुरत नाही, ओवी पुष्कळदा पुराणिकाच्या वळणाने जाते आणि गद्यातली धार तेथे बोथट होते. परंतु ‘ख्रिस्तायन’ रचताना तिने टिळकांचे अध्याय काढून टाकले नाहीत, पुन्हा लिहिलेही नाहीत. जेथे ते थांबले होते तेथून पुढची ओवी लिहिली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अपुरा होता, तो देवदत्तांनी हाती घेतला. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून आले.